वस्तीवरील वीज : न्यूट्रल व अर्थिंग यांची गल्लत

राहुरी तालुक्यांतील बागाइत मुळा व प्रवरा या दोन नद्यांच्या पाण्यावर उभें आहे. पाटाचें पाणी जेथें पोंचत नाहीं तेथें विहीर व बोअर यांचा आधार. आणि तें पाणी वर काढण्याचें काम आतां बहुतेक ठिकाणीं वीज करते. मोट नाहींशी झाली, तेलाचें इंजिन मागें पडलें. विहिरीवर मोटार, गोठ्यांत कडबाकुट्टी, घरांत दिवे, पंखे व फ्रीज असा विजेचा पसारा आमच्या वस्त्यांवर झाला आहे. नवा बैल घेतला म्हणजे शेतकरी त्याच्या खोडी ओळखून मगच त्यास औतास जुंपतो. विजेच्या बाबतींत मात्र ही सावधगिरी राहत नाहीं. मोटार चालली, दिवा लागला, कीं काम झालें असें समजून आपण स्वस्थ बसतों. आणि जोडणी बरोबर आहे कीं नाहीं हें पाहण्याचा प्रसंग गोठ्यांतील गाय हंबरून पडल्यावर येतो.

या लेखांत आम्ही एकाच गोष्टीचा विचार करणार आहों. न्यूट्रल आणि अर्थिंग या दोन तारा वरवर सारख्या वाटल्या तरी त्यांचीं कामें अगदीं निराळीं आहेत. एकीचें काम दुसरीकडून घेतल्यानें दिवा लागतो खरा, परंतु त्या दिव्याच्या उजेडांत वावरणाऱ्याचा जीव धोक्यांत पडतो. ही गल्लत कशी होते, ती कशी ओळखावी, व आमच्या भागांतील जमिनींत अर्थिंग कसें राखावें, हें क्रमानें सांगतों.

आरंभीं जबाबदारी कोणाची हें स्पष्ट केलेलें बरें. राहुरी, श्रीरामपूर व लगतच्या भागांत अनेक वर्षें मुळा-प्रवरा या वीज सहकारी संस्थेनें पुरवठा केला. ग्रामीण विद्युतीकरण महामंडळाच्या साहाय्यानें देशांत प्रथम ज्या पांच वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या, त्यांपैकीं ती एक होती. २०११ सालीं ती व्यवस्था संपून पुरवठा महावितरणाकडे गेला. परंतु पुरवठा करणारा कोणीहि असो, मीटरच्या पुढील तारा, स्टार्टर, मोटार आणि आपल्या जागेंतील अर्थिंगचा खड्डा हीं शेतकऱ्यानें स्वतः करून सुस्थितींत राखावयाचीं असतात. ज्याप्रमाणें चारीच्या तोंडापर्यंत पाटबंधारे खातें आणि पुढें आपण, त्याप्रमाणेंच हें आहे.

१. न्यूट्रलचें काम

ज्यास आपण डी.पी. म्हणतों त्या रोहित्रावरून चार तारा निघतात. तीन फेजच्या व चौथी न्यूट्रल. कोणतीहि एक फेज व न्यूट्रल यांमधील दाब सुमारें २३० व्होल्ट असतो, आणि कोणत्याहि दोन फेजमधील दाब सुमारें ४०० व्होल्ट असतो. हे दोन आंकडे वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. पुढें त्यांचें काम पडेल.

वीज नेहमीं फेरा पुरा करते. रहाटगाडग्याची माळ आठवावी. भरलेलीं गाडगीं एका बाजूनें वर येतात व रिकामीं दुसऱ्या बाजूनें खालीं जातात. उतरती बाजू तुटली तर चढतीहि थांबते. फेज ही चढती बाजू व न्यूट्रल ही उतरती बाजू समजावी. दिव्यांतून जितका प्रवाह जातो तितकाच न्यूट्रल तारेनें डी.पी.कडे परत जातो. तेव्हां न्यूट्रल ही रिकामी किंवा निर्जीव तार नव्हे. काम चालूं असतां तिच्यांत फेजइतकाच प्रवाह असतो. तिला हात लागला तर सहसा झटका बसत नाहीं याचें कारण इतकेंच, कीं डी.पी.पाशीं ती जमिनीस घट्ट जोडलेली असते व त्यामुळें तिचा दाब जमिनीच्या दाबाजवळ राहतो. हा जोड शाबूत आहे तोंवरच तिचा हा शांतपणा टिकतो.

तीन फेजच्या मोटारीस न्यूट्रल लागत नाहीं. तीन फेजांतील प्रवाह एकामागून एक अशा क्रमानें चढत-उतरत असतात, व एकीनें नेलेला प्रवाह इतर दोघी परत आणतात. दिवा, पंखा, घरगुती पंप, एका फेजवरील कडबाकुट्टी यांस मात्र न्यूट्रलवांचून गत्यंतर नाहीं. हा भेद पुढील गल्लतीचें मूळ आहे.

२. अर्थिंगचें काम

मुळा धरणास सांडवा आहे. शेतीस पाणी देण्यासाठीं सांडवा नसतो. त्यासाठीं कालवे आहेत. पूर आला असतां धरणास धोका पोंचूं नये एवढ्यासाठींच तो बांधलेला असतो, व एरव्हीं कोरडा राहतो. अर्थिंगची तार हा आपल्या घराचा व मोटारीचा सांडवा होय. मोटारीच्या आंतील वेटोळ्याचें आवरण जळलें, केबलची साल निघाली, ओल शिरली, म्हणजे फेजचा स्पर्श मोटारीच्या सांगाड्यास होतो. त्या वेळीं ही वाट चुकलेली वीज माणसाच्या अंगांतून न जातां तारेनें जमिनींत जावी, एवढेंच अर्थिंगचें काम. रोजचा प्रवाह तिच्यांतून वाहूं लागला तर ती सांडवा राहत नाहीं; आणि पूर येईल त्या दिवशीं तिचा भरंवसा उरत नाहीं.

तीन फेजच्या मोटारीचा सांगाडा दोन स्वतंत्र तारांनीं जमिनीस जोडावा असा दंडक आहे, तो याचसाठीं. एक तार गंजून तुटली तरी दुसरी राहावी.

३. मोटारघरांतील दिवा

आतां गल्लत कशी होते तें पाहूं. विहिरीवरील स्टार्टरपर्यंत येणारी केबल पुष्कळ वेळां तीनच तारांची असते, कारण मोटारीस चौथी लागत नाहीं. रात्रीं पाणी धरावयास जाणाऱ्यास उजेड पाहिजे. मग एक तार फेजला व दुसरी अर्थिंगच्या पट्टीस जोडून दिवा लावला जातो. दिवा उत्तम लागतो, त्यामुळें कोणास कांहीं वावगें वाटत नाहीं.

असें समजूं कीं उन्हाळ्यांत अर्थिंगची तार खड्ड्यापाशीं गंजून तुटली. दिवा विझतो. लोक समजतात कीं दिवा गेला. वस्तुतः फेजची वीज दिव्यांतून येऊन अर्थिंगच्या पट्टींत उभी आहे, आणि त्या पट्टीस मोटारीचा सांगाडा, स्टार्टरची पेटी व लोखंडी पाइप हीं सर्व जोडलेलीं आहेत. ओल्या पायांनीं जो कोणी स्टार्टरच्या पेटीस हात लावील, त्याच्या अंगावाटे हा फेरा पुरा होईल. जी तार रक्षणासाठीं बांधली तिनेंच मारक वीज घराघरांत वांटावी, असा हा प्रकार आहे.

दिव्याच्या जागीं एक अश्वशक्तीचा पंप असा अर्थिंगवर चालविला तर तार शाबूत असूनहि धोका होतो. असा पंप सुमारें ५ अँपिअर प्रवाह घेतो. खड्ड्याचा अडथळा २० ओहम असेल, तर पांच गुणिले वीस म्हणजे १०० व्होल्ट दाब त्या खड्ड्यावर, व त्यास जोडलेल्या प्रत्येक लोखंडी वस्तूवर, उभा राहतो. पंपास उरलेल्या १३० व्होल्टांवर धड चालतां येत नाहीं ती गोष्ट निराळीच.

जनावरांस हा धोका माणसापेक्षां अधिक आहे. जमिनींत शिरलेल्या विजेचा दाब खड्ड्याजवळ सर्वांत जास्त असतो व दूर जातां झपाट्यानें उतरतो. गाईचे पुढचे व मागचे पाय यांत चांगलें अंतर असतें; पुढचे खड्ड्याजवळ व मागचे दूर पडले म्हणजे त्या दोहोंतील दाबाचा फरक तिच्या अंगांतून, आणि तोहि हृदयावरून, प्रवाह ढकलतो. पायांत चप्पल नाहीं व खालीं ओला गोठा. मग माणसास नुसत्या झिणझिण्या येतील तेथें गाय कोसळते. यास्तव खड्डा गोठ्यांत, पाणवठ्याशीं अगर जनावरांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर कधींहि करूं नये.

उपाय साधा आहे. मोटारघरांत दिवा पाहिजे असेल तर डी.पी.पासून न्यूट्रलची चौथी तार रीतसर आणवावी. तेवढा खर्च करावयाचा नसेल तर सौर कंदील वापरावा.

४. न्यूट्रल तुटली असतां

कधीं कधीं वस्तीवर एका घरांतील दिवे एकाएकीं डोळे दिपतील इतके पेटतात व शेजारच्या घरांतील काजव्यासारखे होतात. डी.पी.पाशीं अगर खांबावर न्यूट्रलचा जोड सुटल्याची ही खूण होय. दोन घरें दोन निराळ्या फेजवर आहेत असें धरूं. न्यूट्रल तुटल्यावर दोन्ही घरांतील उपकरणें एकामागें एक अशीं ४०० व्होल्टांच्या दाबांत सांपडतात. पहिल्या घरांत १०० वॅटचा एकच दिवा आणि दुसऱ्यांत ५०० वॅटचीं उपकरणें चालूं असतील, तर हिशेबानें पहिल्यास सुमारें ३३३ व्होल्ट व दुसऱ्यास सुमारें ६७ व्होल्ट मिळतात. ज्याच्या घरीं भार कमी त्याच्याच वस्तू जळतात, हें पुष्कळांस चमत्कारिक वाटतें. त्याचें कारण हें असें आहे.

यावेळीं प्रथम मेन स्विच बंद करावा आणि वायरमनास कळवावें. आपण होऊन डी.पी.वर चढूं नये. पेटलेला दिवा पाहून दुसरा लावून पाहणें, फ्रीज चालतो का तें पाहणें, या उठाठेवींत नुकसान वाढतें.

आपल्याच घरांतील न्यूट्रल तुटली असेल तर खूण निराळी. दिवे लागत नाहींत, आणि टेस्टर लावला तर प्लगाच्या दोन्ही छिद्रांत लागतो. दोन्हींत वीज आली असें समजण्यांत अर्थ नाहीं. फेजचीच वीज उपकरणांतून फिरून न्यूट्रलच्या तुटक्या टोंकांत येऊन थांबलेली असते. म्हणूनच न्यूट्रलवर फ्यूज किंवा एकटा स्विच कधीं बसवूं नये. फेज चालूं राहून न्यूट्रलचा फ्यूज गेला, तर दिवा विझतो पण होल्डर जिवंत राहतो, व दिवा बदलणाऱ्याचा घात होतो.

५. दोहोंची गांठ मारूं नये

डी.पी.पाशीं न्यूट्रल व जमीन एकत्र जोडलेलीं असतात, मग घरांतहि त्यांची गांठ मारली तर काय बिघडलें, असा प्रश्न कित्येक करतात. स्वतंत्र खड्डा खणण्याचा त्रास वांचविण्यासाठीं तीन पिनांच्या प्लगांत न्यूट्रलवरूनच एक तुकडा अर्थिंगच्या पिनेस जोडणारेहि आहेत. बाहेरची न्यूट्रल शाबूत आहे तोंवर यांत कांहीं दिसून येत नाहीं. ती तुटतांच मात्र वर सांगितल्याप्रमाणें घरांतील न्यूट्रल जिवंत होते, आणि त्या तुकड्याच्या द्वारें फ्रीज, कडबाकुट्टी, पाणी तापविण्याचा बंब या सर्वांच्या सांगाड्यांवर वीज येते. उपकरणांत एकहि दोष नसतां संपूर्ण घर मारक होतें. सबब मीटरच्या पुढें या दोन तारांची भेट कोठेंहि होऊं देऊं नये.

६. फ्यूज कां जात नाहीं

पुष्कळांची समजूत अशी, कीं अर्थिंग केलें म्हणजे दोष होतांच फ्यूज उडेल व वीज बंद पडेल. हिशेब करून पाहूं. दाबास अडथळ्यानें भागिलें म्हणजे प्रवाह निघतो. उन्हाळ्यांत मोटारीच्या खड्ड्याचा अडथळा १५ ओहम व डी.पी.च्या खड्ड्याचा ५ ओहम धरला, तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. पांच अश्वशक्तीची मोटार चालतांनाच सात-साडेसात अँपिअर घेते, व सुरू होतांना त्याच्या कित्येक पट. त्यामुळें तिचा फ्यूज याहून मोठाच असतो. तेव्हां हा फ्यूज जाणार नाहीं. मोटार चालूं राहील, आणि सांगाड्यावर साडेअकरा गुणिले पंधरा, म्हणजे सुमारें १७२ व्होल्ट उभे राहतील. अर्थिंग असूनहि माणूस दगावतो तो असा.

यावर खरा उपाय ई.एल.सी.बी. अथवा आर.सी.सी.बी. या नांवानें मिळणारा स्विच हा होय. गेलेला प्रवाह व परत आलेला प्रवाह यांची तो सतत तुलना करतो. दोहोंत फरक पडला, म्हणजे कांहीं वीज भलत्या वाटेनें जमिनींत गेली, असें ओळखून तत्क्षणीं पुरवठा तोडतो. घरासाठीं ३० मिलिअँपिअरचा घ्यावा. एवढ्या प्रवाहास खड्डा १०० ओहमचा असला तरी सांगाड्यावर अवघे तीन व्होल्ट येतात. कोरड्या जमिनींत जेथें फ्यूज हतबल होतो तेथें हा स्विच कामास येतो, हें त्याचें विशेष महत्त्व आहे. तथापि फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा एकदम हातांत धरणाऱ्यास तोहि वांचवूं शकत नाहीं.

हा स्विच बसविल्यावर वारंवार पडतो अशी तक्रार येते, आणि मग वायरिंग करणारा तो काढून टाकतो. हें म्हणजे राखण करणारा कुत्रा भुंकतो म्हणून त्यास हांकून देण्यासारखें आहे. पडण्याचें कारण बहुधा तीनांपैकीं एक असतें : कोठें तरी न्यूट्रल व अर्थिंग यांची गांठ आहे, एका खोलीची न्यूट्रल स्विचच्या बाहेरच्या दुसऱ्या न्यूट्रलवरून उसनी घेतली आहे, अथवा एखादें उपकरण खरोखरच गळतें आहे. सर्व उपकरणें काढून एकेक लावीत जावें. ज्यानें स्विच पडतो तें दुरुस्तीस न्यावें. सर्व काढूनहि पडत असेल तर दोष वायरिंगमध्यें आहे.

७. आमची जमीन आणि खड्डा

वीज जमिनींत मुरण्यास ओल पाहिजे. नदीकांठची काळी जमीन ओली असतां फार चांगली. परंतु वैशाखांत ती भेगाळते, व खड्ड्यांतील पाइपाभोंवतीं भेग पडली म्हणजे पाइप पोकळींत उभा राहतो. मुरमाड व खडकाळ माळावर तर बारा महिने अडचण. पूर्वीं विहिरींत लोखंडी पाइप पाण्यापर्यंत उतरलेले असत, व तेंच नकळत एक उत्तम अर्थिंग होई. आतां त्यांच्या जागीं प्लॅस्टिकचे पाइप आले, ते वीज वाहत नाहींत. हा आधार गेला हें ध्यानांत घेऊन खड्ड्याकडे अधिक लक्ष दिलें पाहिजे.

खड्डा इमारतीपासून दीड मीटर तरी दूर असावा. त्यांत निदान अडीच मीटर लांब व चाळीस मिलिमीटर व्यासाचा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप उभा पुरावा व भोंवतीं कोळसा आणि मीठ यांचे थर द्यावे. मिठानें पाइप लवकर गंजतो व पावसानें मीठ धुपतें, म्हणून कांहीं जाणते त्याऐवजीं बेंटोनाइट माती वापरतात; ती ओल धरून ठेवते. पाइपाच्या तोंडास नरसाळें ठेवून उन्हाळ्यांत पाणी ओतीत जावें. माळावर एक खड्डा पुरत नाहीं. दोन करावे, व त्यांत पाइपाच्या लांबीच्या दुप्पट तरी अंतर राखावें. शेजाऱ्याच्या खड्ड्यावर आपली मोटार जोडूं नये, कारण त्याच्या मोटारींतील दोषाचा दाब आपल्या सांगाड्यावर येतो.

खड्डा चांगला कीं वाईट हें पाहण्यास फेज व अर्थिंग यांवर दिवा लावून पाहण्याची चाल आहे. ती फसवी आहे. १०० वॅटच्या दिव्याचा स्वतःचा अडथळा सुमारें ५२९ ओहम असतो. खड्डा ५० ओहमचा, म्हणजे अगदीं टाकाऊ असला, तरी दिव्यास २१० व्होल्ट मिळून तो झकास लागतो. खरें मोजमाप अर्थ टेस्टर या यंत्रानेंच करवावें.

८. वर्षांतून दोनदां करावयाचें काम

जमीन सर्वांत कोरडी असते तेव्हां वैशाखांत एकदां, व मृगाचा पाऊस पडल्यावर एकदां, मेन स्विच बंद करून जाणत्या वायरमनाकडून पुढील गोष्टी पाहवून घ्याव्या :

(१) मोटार व स्टार्टर यांस अर्थिंगच्या दोन स्वतंत्र तारा आहेत, व त्यांचे नटबोल्ट गंजलेले अगर ढिले नाहींत.

(२) कोणताहि दिवा वा पंप अर्थिंगवर चालत नाहीं.

(३) मीटरच्या पुढें न्यूट्रल व अर्थिंग यांची गांठ कोठेंहि नाहीं, आणि न्यूट्रलवर फ्यूज नाहीं.

(४) कडबाकुट्टीच्या प्लगास तीनहि पिना आहेत, व तिसरीची तार खरोखर खड्ड्यापर्यंत गेली आहे.

(५) खड्ड्याचा अडथळा अर्थ टेस्टरनें मोजून तारखेसह वहींत लिहिला आहे. गेल्या वर्षाहून आंकडा बराच वाढला असेल तर खड्डा उकरून पाहावा.

(६) ई.एल.सी.बी.वरील चांचणीचें बटन दाबतांच स्विच पडतो. हें काम वीज चालूं असतां करावयाचें असून, घरांतील कोणीहि तें दरमहा करावें.

यांशिवाय घरांतील सर्वांस, मुलांसहि, एक गोष्ट शिकवून ठेवावी. कोणास विजेनें धरलें असतां त्याच्या अंगास हात लावूं नये. प्रथम मेन स्विच पाडावा. तो जवळ नसेल तर कोरड्या लांकडानें तार दूर करावी. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबून कृत्रिम श्वास देण्यास आरंभ करावा आणि दवाखान्यांत न्यावें. विहिरींत मोटार चालूं असतां पोहावयास उतरूं नये, हा नियम तर वस्तीवरील प्रत्येक मुलाच्या अंगवळणीं पडला पाहिजे.

या सर्व कामास जो खर्च येतो तो एका दुभत्या गाईच्या किंमतीपुढें कांहींच नाहीं; माणसाच्या जिवाची तर किंमतच करतां येत नाहीं. येत्या वैशाखापूर्वीं आमच्या वाचकांनीं आपापला खड्डा एकवार मोजवून घ्यावा, आणि मोटारघरांतील दिव्याची दुसरी तार कोठें गेली आहे हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें, एवढीच आमची विनंति आहे.